वाद्याच्या रकान्यातले नाव

माझ्या लहानपणी भारताचे प्रतिनिधित्व करण्याची जबाबदारी काही आठवडे चिखलीजवळच्या उंद्रीतल्या आमच्या ओसरीवर येऊन पडली होती. दिल्लीला हे कोणी कळवले नव्हते, त्यामुळे तिथे त्याची नोंद असण्याचे कारण नाही. पण आमच्या घरी त्या जबाबदारीपोटी भिंतींना चुना लागला, गल्लीतला उकिरडा हलला, आणि मला, वयाच्या अकराव्या वर्षी, गाताना आवाज न काढण्याची ताकीद मिळाली.

ताकिदीचे कारण आधी सांगते. पाचव्या वर्षी मला गोवर आला. ताप उतरला, पुरळ मावळले, पण तापात गेलेला आवाज परतला तो दुसऱ्याच कोणाचा होऊन परतला. त्याला गोणपाटाचा पोत होता. ज्वारीच्या वाळल्या धांड्यांवरून गाडीचे चाक जावे तसा तो शब्दांवरून जाई. मी हाक मारली की शेजारच्या बाया म्हणत, 'कोन गडी आला वं?' आणि मी दारात दिसले की हसत. भाद्रपदात मातीच्या भुलाबाई बसल्या म्हणजे कोजागिरीपर्यंत मुली रोज संध्याकाळी घरोघर तिची गाणी म्हणत. मीही त्यांच्याबरोबर जाई, पण माझी चुलत बहीण, जिला आम्ही ताई म्हणत असू, गाणे सुरू होण्याआधी माझ्या कानाशी येऊन सांगे, "तू नुसते ओठ हलव." ताई सोळा वर्षांची होती. तिचा आवाज नव्या घागरीत पाणी पडावे तसा होता, भरत जाणारा, आणि भरता भरता उंच होणारा. तिच्या म्हणण्यात खोटे काही नव्हते. म्हणूनच ते अधिक लागे.

माझे काका, म्हणजे ताईचे वडील, भाजीपाल्याचा मळा करीत. वांगी, मिरच्या आणि कोथिंबीर चिखलीच्या बाजारात नेण्यापलीकडे त्यांचा जगाशी जो संबंध होता तो रेडिओमार्फत होता. मळ्यातल्या खोपीत, मोटेच्या दोराशेजारच्या खुंटीवर, काकूने शिवलेल्या खाकी कापडाच्या झग्यात तो रेडिओ टांगलेला असे. समुद्रापलीकडच्या एका देशाचे केंद्र रोज संध्याकाळी अर्धा तास हिंदीत बोले. ते स्पष्ट ऐकू आले की नाही हे काका दर आठवड्याला पत्राने कळवीत. "आज वारा होता, तुमचा आवाज वांग्यांपर्यंत आला, मिरच्यांपर्यंत नाही," अशा स्वरूपाची ती पत्रे होती. त्या केंद्राला ती आवडत असावीत. बदल्यात बर्फाच्या डोंगरांची कॅलेंडरे येत, आणि छातीला लावायचे बिल्ले.

केंद्राने पुढे असे सुचवले की काकांनी गावात श्रोता संघ काढावा, त्यात निदान अकरा सभासद असावेत. काकांनी त्याच दिवशी काढला. सात नावे आमच्याच घरातली होती, दोन शेजाऱ्यांची. उरलेली दोन आमच्या बैलजोडीची, आडनावासकट. ते दोघे रोज खोपीशेजारी बांधलेले असत आणि सगळा कार्यक्रम ऐकत, तेव्हा काकांच्या दृष्टीने यात काही वावगे नव्हते. नवीन वर्षाला बैलांना स्वतंत्र शुभेच्छापत्रे आली. काकांनी ती गोठ्यात चिकटवली.

महाराष्ट्र होऊन तेव्हा आठ-नऊ वर्षे झाली असतील. पोळा सरला आणि चारच दिवसांत ते जाड पत्र आले. त्या देशाचे टेलिव्हिजन केंद्र जगभरच्या गीतांची स्पर्धा घेत होते. संघांनी आपल्या देशातर्फे एक गीत ध्वनिफितीवर नोंदवून पाठवावे. गीत लोकांचे स्वतःचे असावे, सिनेमातले नसावे, पाच मिनिटांहून लांब नसावे. सोबत गाणाऱ्यांचे छायाचित्र जोडावे, म्हणजे गीत वाजत असताना ते पडद्यावर दाखवता येईल आणि तिकडचे प्रेक्षक आपले मत देतील.

काकांनी पत्र दोनदा मोठ्याने वाचले. 'आपल्या देशातर्फे' या ठिकाणी ते दोन्ही वेळा थांबले.

शेजारच्या सभासदाने शंका काढली. "भाऊ, असं पत्र बाकीच्या संघालेई गेलं असन न?"

"गेलं असन त गेलं असन," काका म्हणाले. "पन आपल्याले आलं ते देशाच्या नावानं आलं. आता आपन नाई पाठवलं आन बाकीच्यायनंई नाई पाठवलं, त देश राह्यला न घरी."

गाणे कोणते, हा प्रश्न अर्ध्या तासात सुटला. भुलाबाई तोंडावर आल्या होत्या. महिनाभर मुली तसेही रोज गाणारच होत्या, आणि ताईसारखा आवाज पंचक्रोशीत दुसरा नव्हता. काकूने एका वाक्यात निकाल दिला. "घरात तयार माल असतांनी बाजारात काऊन जाता?"

टेलिव्हिजन मात्र कोणी पाहिलेला नव्हता. चिखलीचे एक कापसाचे व्यापारी दिल्लीला जाऊन पाहून आले होते. त्यांना मुद्दाम चहाला बोलावले. ते लोडाला टेकून म्हणाले, "रेडिओले आरसा लावला असं समजा. त्यातला मानूस आपल्याले दिसते, आपन त्याले दिसत नाई."

"हे तुमाले कसं समजलं?" काकूने माजघरातून विचारले.

"मी त्याच्याकडं पाहून तोंड वाकडं केलं, वयनी. तो काईच नाई बोलला."

"सभ्य असन," काकू म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी चुना भिजत घातला. जायचा होता फक्त आवाज आणि एक फोटो, हे तिला काका रोज समजावीत. ती रोज मान हलवी आणि पुन्हा कुंचा बुडवी. गल्लीतल्या साऱ्याजणींचे मत तिच्या बाजूने होते. साता समुद्रापलीकडचे लोक ओसरीकडे कान देणार, आणि ओसरी शेणाच्या पोपड्यांची? चुन्याचा ओला, जिभेला चुरचुरणारा वास आठवडाभर भाकरीतही उतरला होता. समोरच्या घरच्या बाईंनी आपली शेळी माहेरी पाठवली.

तो सगळा काळ मी एकाच आशेवर होते. देशाचे काम आहे, तेव्हा गळे जितके जास्त तितके बरे असे कोणाला तरी वाटेल, आणि निदान यंदा मला गाऊ देतील. पत्रात आवाज कसा असावा याबद्दल एक अक्षरही नव्हते. मी ते पत्र चोरून वाचले होते. मी मळ्यात जाऊन, बैलांसमोर उभी राहून, सगळी गाणी पुरी म्हणत असे. बैल कान हलवीत. पण ते संघाचे सभासद होते आणि त्यांना सगळेच आवडे.

ध्वनिमुद्रणाचे यंत्र पंचायत समितीतल्या एका अधिकाऱ्यांकडे होते. शेतकऱ्यांना ऐकवायची भाषणे ते त्यावर भरीत आणि जीपमधून गावोगाव नेत. काकांनी त्यांना टोपलीभर वांगी नेऊन दिली. साहेब अडचणीत पडले, कारण कोरी फीत नव्हती. एक होती तिच्यावर उंदरांच्या बंदोबस्ताचे त्यांचे स्वतःचे भाषण होते. मोहीम संपली होती, पण भाषणावर त्यांचा जीव होता. शेवटी ठरले ते असे: फितीच्या सुरुवातीला उंदरांचा जो साधारण परिचय आहे तेवढ्यावर गाणे भरावे, पुढच्या उपायांना हात लावू नये.

"उपाय परदेशातही उपयोगी पडतील," साहेब म्हणाले.

ते आले त्या दिवशी ओसरीवर पाट मांडून, भोवती रांगोळी काढून, त्यावर यंत्र ठेवले. काकूने त्याला हळदकुंकू वाहिले. साहेबांनी नुसते झाकण तेवढे पुसून घेतले. चिखलीहून फोटोवालाही आला होता, त्याने उजेड आहे तोवर आमचा फोटो काढला. अकरा मुली, पुढे मातीच्या भुलाबाई आणि भुलोजी, मागे चुना. मग ताईने सगळ्यांच्या जागा ठरवल्या. मला कडेला, यंत्रापासून सर्वांत लांब, खांबाशी उभे केले.

"ताई," मी म्हटले, "आज तरी मले म्हनू दे न. हळू म्हनीन."

तिने माझ्याकडे पाहिले. ती दुष्ट नव्हती. तिच्या चेहऱ्यावर सकाळपासून पावडर होती आणि पावडरीखाली घाम होता. "हे पाय," ती म्हणाली, "उद्या कोनी म्हनलं का भारताचा आवाज बसेल हाये, त कोनाचं नाव खराब होईन? ओठ हलव. फोटोत आली न तू? मंग."

दिवेलागणीच्या जरा आधी, गायी परतून धूळ बसल्यावर, साहेबांनी बोट वर केले. फितीची चाके फिरू लागली. एक जराशी डगमगत होती. ताईने गाणे उचलले. मी आजवर बरेच गाणे ऐकले आहे, पण त्या संध्याकाळच्या गाण्याइतके स्वच्छ थोडे. टिपऱ्यांचा कोरडा ठेका, नऊ गळ्यांचा धावता झेल, आणि वर ताईचा आवाज, ओल्या चुन्याच्या भिंतीवरून परत येणारा आणि स्वतःलाच मिळणारा. मी ओठ हलवत होते. आतून शब्द येत, दातांपर्यंत येत, आणि मी ते गिळत असे. गाण्यात मुकेपणाने उभे राहिले की गाणे गळ्यात साचते. ते गळ्यावर जड होते, हे मला त्या दिवशी कळले.

साडेतीन मिनिटांत गाणे संपले. काकांच्या चेहऱ्यावर देशाचे काम फत्ते झाल्याचा उजेड आला. त्यांनी साहेबांकडे हात केला, आणि तेवढ्यात काकू डबा घेऊन बाहेर आली.

आमच्याकडे भुलाबाईचे गाणे गाण्याने संपत नाही. ते खिरापतीने संपते. ज्या घरी गाणे झाले त्या घरची बाई झाकलेला डबा मुलींच्या कानाशी खुळखुळवते, आणि आत काय आहे ते मुलींनी ओळखायचे असते. फुटाणे असतील तर ते हसल्यासारखे वाजतात. खारका खोकतात. बत्तासे एकमेकांना घाबरून वाजतात. ओळखल्याशिवाय खिरापत मिळत नाही, आणि अगदीच जमले नाही तर मुलींनी एका सुरात 'हरलो' म्हणायचे, मग झाकण उघडते. तोवर गाणे उघडेच राहते, आणि उघड्या गाण्यावर भुलाबाईला उठता येत नाही. काकांनी पाच मिनिटांचा हिशेब बसवताना ही गोष्ट धरलीच नव्हती. ती पुरुषांच्या हिशेबात कधी येत नसे. ध्यानात आल्यावर मात्र त्यांनी घाईघाईने काकूला खुणेने विनवले, की बरे, पण जोरात वाजव, निदान आवाज तरी जाईल.

काकूने डबा हलवला. काही वाजले नाही.

तिने पुन्हा, दोन्ही हातांनी, अगदी यंत्राजवळ नेऊन हलवला. शांतता. काकूच्या ओठांच्या कोपऱ्यात एक समाधान होते, ते मी ओळखले. वाजणारी खिरापत कोणीही करतो, असे तिचे मत होते, आणि तिच्या घरची खिरापत पहिल्या फेरीत कधी ओळखली गेली नव्हती. तो लौकिक ती कोणत्याही देशासाठी सोडणार नव्हती.

"शिरा," एक मुलगी म्हणाली.

काकूने मान हलवली.

"केळं. पुरनपोळी. घट्ट वरन. लोनी."

चाके फिरत होती. साहेबांनी घड्याळ दाखवले. काका खांबाआडून दोन्ही हात जोडून ताईला खुणा करीत होते: हरलो म्हणा, हरलो म्हणा आणि संपवा. ताईने ओठ घट्ट मिटून नकार दिला. तिच्या मनात काय आले ते आम्हा सगळ्यांच्या मनात एकाच वेळी आले. देशातर्फे पाठवलेल्या गाण्याच्या शेवटी, अकरा मुलींनी एका सुरात, जगासमोर, 'हरलो' म्हणायचे? काकांनाही ते उमगले असावे, कारण त्यांचे जोडलेले हात तसेच हवेत राहिले. कोणी बोलेना. त्या शांततेत गावाचे सारे बारीक आवाज वर आले. दूर कोणाचा तरी रहाट, चुलीत फुटणारी तुराटी. खांबावरच्या पालीचा एक चुकार शब्द.

आणि मला वास आला. डबा हलवताना झाकणाच्या फटीतून निसटलेला, अगदी पातळ. गुळाचा, पण पुढे नव्हता, मागे होता. त्याच्या पुढे एक कोवळा, कोमट वास होता, ओल्या वासराच्या कपाळाचा. समोरच्या घरची म्हैस तीन दिवसांपूर्वी व्याली होती. मी काही ठरवले नाही. साडेतीन मिनिटे गळ्यात साचलेले सगळे एका शब्दाला धरून बाहेर आले.

"खरवस," मी म्हटले.

तो आवाज माझ्याही कल्पनेपेक्षा मोठा होता. जमिनीखालून आल्यासारखा तो ओसरीभर पसरला आणि चुन्याच्या भिंतीने तो परत दिला. साहेबांचा हात दचकून भलत्याच बटनावर पडला. दोन चाके जोरात फिरली, आणि ओसरीवर त्यांचाच आवाज गंभीरपणे सांगू लागला की उंदीर हा मुळात भित्रा प्राणी आहे.

दुसऱ्यांदा गाणे भरायला बॅटरी उरली नव्हती. ताई आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजली. खिरापत वाटली गेली तेव्हा माझ्या वाटचा खरवस काकूने जरा मोठा दिला, आणि कोणी पाहत नाही असे बघून म्हणाली, "वासावर गेली न तू? लबाड."

काकांनी फीत तशीच पाठवली. कापडात शिवून, लाखेने मोहोर करून, चिखलीच्या टपालात स्वतः देऊन आले. रात्रीच्या जेवणाला ते इतकेच बोलले, "देशानं जे हाये ते पाठवलं. नाई ते कुठून आनावं?" घरात कोणी मला रागावले नाही. रागावले असते तर बरे झाले असते. ताई माझ्याशी कोजागिरीपर्यंत बोलली नाही, आणि भुलाबाई नदीत सोडायला गेलो तेव्हा तिने मला कानात काही सांगितलेच नाही. मी आपणहून ओठ मिटून चालले.

संक्रांतीच्या सुमारास उत्तर आले. काकांनी पत्र उभ्यानेच उघडले, वाचता वाचता बसले, आणि मग सगळ्यांना बोलावले. पत्र त्या केंद्राच्या नेहमीच्या हिंदीत होते, इस्त्री केलेल्या. भारताचे गीत सुखद होते. मुख्य गायिकेचा स्वर निर्मळ होता. एवढी दोनच वाक्ये ताईच्या वाट्याला आली. पुढे परीक्षकांनी लिहिले होते की गीतानंतर येणारी दीर्घ शांतता हे एक धाडस आहे असे त्यांना वाटले. शेवटचे पुरुषी पठण गंभीर आहे, पण त्याचे भाषांतर होऊ शकले नाही. मात्र त्या शांततेतून एकदाच, एकटे, खोल उमटणारे जे वाद्य आहे, त्याने परीक्षक स्तिमित झाले. असे वाद्य त्यांच्या संग्रहात नाही. सबब भारताचा प्रवेश गीतांतून काढून दुर्लभ लोकवाद्यांच्या वर्गात घेतला आहे. सोबतचा तक्ता भरून पाठवावा आणि त्या वाद्याचा एक मिनिटाचा स्वतंत्र नमुनाही द्यावा.

मग काकूच्या खांद्यांना हिसका बसला, आणि ती पदर तोंडात कोंबून स्वयंपाकघरात गेली. तिथून बराच वेळ भांडी हलल्याचे आवाज येत राहिले.

शेजारचे सभासद म्हणाले, "लिवून द्या न काईतरी. तुनतुनं लिवा. बक्षीस लागून राह्यलं त कशाले सोडता?"

"खोटं?" काका म्हणाले. "देशातर्फे?"

ज्यांनी दोन बैलांना सभासद करून घेतले होते तेच काका हे बोलत होते. पण त्यांच्या लेखी बैल खरोखर ऐकत होते, आणि तुणतुणे खरोखर वाजले नव्हते. ते दौत घेऊन ओसरीवर बसले. मी खांबाशी उभी होते, त्याच खांबाशी. काका खरे लिहिणार होते. ते लिहिणार होते की हे वाद्य नाही, आमच्या घरची एक मुलगी आहे, जिला गप्प राहायला सांगितले होते आणि ती राहिली नाही. मग तिकडेही सगळ्यांना कळणार होते.

तक्त्यातला पहिला रकाना त्यांनी रिकामा ठेवला आणि दुसऱ्यापासून सुरुवात केली. लिहिताना ते नेहमी मोठ्याने बोलत.

"बनावट," त्यांनी वाचले. थोडा विचार केला. "हाडामांसाची." लिहिले.

"वाद्य किती जुने आहे. अकरा वर्ष." मग माझ्याकडे मान वळवून, "अकरा सरले काय, पोरी?"

"फागुनात सरन," मी म्हटले.

"फागुनात बारावं," असे त्यांनी जोडले. "वाजवण्याची पद्धत." इथे ते अडले. काकू दारात येऊन उभी होती, डोळे पुसत.

"लिवा," ती म्हणाली, "हिच्यापुढं झाकलेली खिरापत धरा. आपोआप वाजते."

काकांनी ते जसेच्या तसे हिंदीत लिहिले. "देखभाल," त्यांनी पुढचा रकाना वाचला, आणि काकूला न विचारता लिहिले, "दोन वेळा जेवण. आंबट देऊ नये." मग ते वर गेले, रिकाम्या रकान्याकडे. तिथे लिहिले होते: वाद्याचे नाव. दौतीत टाक बुडवून, एरवी शाळेच्या दाखल्यावर लिहितात तशा जपलेल्या अक्षरात, त्यांनी माझे नाव लिहिले. आधी माझे, मग वडिलांचे, मग आडनाव, खाली गाव आणि तालुका. शाई वाळेपर्यंत ते त्यावर फुंकर घालत राहिले.

"मुलगी हाये असं कुठीच नाई लिवलं," मी म्हटले.

"रकाना नाई त्याचा," काका म्हणाले. "पन खोटं एकई अक्षर नाई लिवलं मी. वाचता येते त्याले समजन."

नमुन्यासाठी साहेब पुन्हा जीप घेऊन आले. त्यांना वांगी लागली नाहीत. "माझ्या पठणाबद्दल नेमके काय शब्द आहेत?" त्यांनी विचारले. काकांनी सांगितले, 'गंभीर'. साहेबांनी मान हलवली, आणि कोरी फीत यंत्रात चढवली, कुठून आणली ते सांगितले नाही.

आता अडचण दुसरी होती. मला एकटीने एक मिनिट गायचे होते, आणि माघ लागला होता. भुलाबाईचे गाणे तिच्या महिन्याबाहेर म्हणता येत नाही. माझ्या आईने आतून निक्षून सांगितले, "ती गेली तिच्या घरी. आता हाका मारून वापस बोलावू नको, रस्त्यातून येते बिचारी." सहा वर्षे ज्या गाण्यांसाठी मी थांबले होते, ती गाणी माझी पाळी आली तेव्हा बंद होती. साहेबांनी बोट वर केले. चाके फिरू लागली. ओसरीवर यंत्र आणि मी, आणि मधे काही नाही.

काकू समोर बसली होती. ती उठली, आत गेली, आणि रिकामा डबा झाकण लावून घेऊन आली. माझ्यापुढे धरला आणि हलवला. मी तिच्याकडे पाहिले. तिने पुन्हा हलवला.

"फुटाणे," मी म्हटले.

तिने मान हलवली. नाही.

"खारका," मी म्हटले. "बत्तासे. राजगिऱ्याचे लाडू." तिची मान हलतच राहिली आणि मी सांगत गेले, सहा वर्षांत ऐकलेल्या, चाखलेल्या, हुकलेल्या सगळ्या खिरापती, एकीमागून एक. गूळ-खोबरे, डाळ्या, करडीची चटणी, जी एका कंजूष घरी मिळाली होती. भिजले मूग. सांजोरी. प्रत्येक शब्द घशातून खरवडत निघे आणि आपापल्या वजनाने भिंतीवर जाऊन आपटे. मला पहिल्यांदाच तो ऐकायला वेळ मिळाला. तो वाईट नव्हता. त्याला तळ होता. मिनिट संपता संपता माझ्याकडच्या खिरापती संपल्या, आणि मी काकूकडे पाहून जे म्हणायचे ते एकटीने म्हटले.

"हरलो."

तिने झाकण उघडले. आत काही नव्हते. फितीवर हे दिसत नाही, ही चांगली गोष्ट.

पुढच्या श्रावणात एक पुठ्ठ्याचे पाकीट आले. त्यात सोनेरी कडेचा एक कागद होता, आमच्यापैकी कोणालाच न वाचता येणाऱ्या लिपीत, आणि हिंदीतली एक चिठ्ठी. दुर्लभ लोकवाद्यांत भारताला तिसरा क्रमांक मिळाला होता. पहिले दोन देश कोणते, त्यांची वाद्ये काय होती, हे कळवलेले नव्हते. ती तरी वाद्ये असतील की नाही, याबद्दल मला अजून शंका आहे. सोबत एक फोटो होता: एका परक्या खोलीतले टेलिव्हिजनचे खोके, आणि त्याच्या काचेत आम्ही, अकरा मुली आणि चुना, नखाएवढ्या. काकांनी भिंगाने पाहून प्रत्येकीला तिची जागा दाखवली. मग त्यांनी सोनेरी कागदावरच्या एका ओळीवर बोट ठेवले आणि ठामपणे सांगितले की हे माझे नाव आहे. लिपी येत नव्हती, पण त्यांनी अक्षरे मोजली होती. खाली तालुकाही आला होता.

शेजारच्या बाया कागद बघायला येत आणि मला बोलायला लावीत. मी बोलले की त्या अजूनही हसत, पण आता हसण्याआधी ऐकत. "तिसरा नंबर का वं बाप्पा," समोरच्या बाई म्हणाल्या, "आन आमी हिले गडी समजत होतो."

ताईने कागद पाहिला की नाही, मला माहीत नाही. तिने त्याबद्दल कधी काही काढले नाही. तिचे लग्न ठरले होते, तेव्हा भाद्रपदात भुलाबाई बसल्या त्या तिच्या शेवटच्या. पहिल्या संध्याकाळी आम्ही ओसरीवर जमलो. वर्षभरात चुना पिवळा पडला होता आणि त्यावर कोणाच्या तरी हाताचे शेणाचे ठसे उमटले होते. मी सवयीने खांबाशी जाऊन उभी राहिले. ताई सगळ्यांच्या जागा लावत आली. माझ्याशी थांबली. तिचा श्वास माझ्या कानाला लागला आणि मी ओठ आधीच मिटून घेतले.

"अठी काऊन उभी?" ती म्हणाली. "मधात ये." मला दंडाला धरून तिने भुलाबाईसमोर, अगदी आपल्या शेजारी ओढले. मग टिपऱ्या उचलता उचलता, माझ्याकडे न बघता, म्हणाली, "वाजव आता."

गाणे त्या दिवशी जरा खाली लावावे लागले, माझ्या गळ्यासाठी. ताईने ते न सांगता लावले.